पायी ड्रायव्हर

शनिवारपासून माझे टाके वाकडे पडतायत. तीस वर्षं शिवणकाम करते मी, डोळे मिटून काजं करीन, पण शनिवारपासून सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. काल एका बाईच्या ड्रेसला बाही चक्क उलटी लावली. ती म्हणाली, "बरं नाही का?" म्हटलं, "बरी आहे, धक्का बसलाय." कसला, म्हणून तिने विचारलं, आणि सांगता सांगता मलाच असं रडू फुटलं की ती बिचारी उलटी बाही तशीच घेऊन घरी गेली.

तर झालं असं. माझा बाबा छोट्या गाडीवर ड्रायव्हर होता. बापाला अरेतुरे करते म्हणून मावशी अजून माझ्यावर डोळे वटारते. पण मी अडीच वर्षांची असताना आई गेली, घरात आम्ही दोघंच, तिथे अहो-जाहो कुठून येणार? आणि हो, मी एक्कावन्न वर्षांची आहे, बाबा त्र्याऐंशीचा. आता काय सवय बदलणार, कपाळ!

छोटी गाडी म्हणजे अगदीच छोटी. एक इंजिन, तीन डबे, शेवटी गार्डाचा डबा. सत्तावीस किलोमीटर जायला अडीच तास, तेही सगळं सुरळीत असलं तर. पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडली, रूळसुद्धा उचलून नेले, पण गोष्टी इथेच राहिल्या. आमच्या गावात कोणालाही थांबवा, छोट्या गाडीची एक तरी गोष्ट ऐकवल्याशिवाय तो तुम्हाला सोडणार नाही. एकदा गार्डाने शिट्टी फुंकली आणि त्याची वरची कवळी उडून रुळात पडली. गाडी मागे घेतली. बेचाळीस उतारू ओणवे होऊन कवळी शोधत होते. सापडली एकदाची, तर त्या बहाद्दराने ती इंजिनाच्या गरम पाण्याने धुतली आणि तिथल्या तिथे तोंडात घातली. दुसरी गोष्ट स्टेशनमास्तरीणबाईंची. सिग्नलची तार सैल होती आणि बाई तिच्यावर धुणं वाळत घालायच्या. साड्या असल्या तर ठीक, पण ओल्या चादरी पडल्या की वजनाने सिग्नल आपोआप उघडायचा, आणि चादरींच्या दिवशी गाडी वेळेआधी सुटायची.

पण सगळ्यात गाजलेली गोष्ट माझ्या बापाची. पायी ड्रायव्हरची.

शेवटच्या टप्प्यात एक लांब चढ होता. तिथे गाडी इतकी हळू व्हायची की माणूस बरोबर चालू शके. पावसाचे दिवस असले की चाकं घसरायची, म्हणून ड्रायव्हर आणि फायरमन यांच्यातला एक जण खाली उतरून, चालता चालता हाताने रुळावर वाळू टाकायचा. दुसरा वर. मध्ये मध्ये खालच्याने ओरडून विचारायचं, "आहेस का?" आणि वरच्याने कोळशाचं फावडं पायाखालच्या पत्र्यावर दोनदा आपटायचं. ठक ठक. म्हणजे, मी आहे, तू चाल निवांत. ही त्यांची पद्धत. कुठल्या नियमाच्या पुस्तकात असली पद्धत सापडणार नाही, पण चौदा वर्षं बिनबोभाट चालली.

आणि एके दिवशी दोघंही खाली. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. मध्ये इंजिन, त्यामुळे एकमेकांना दिसले नाहीत. गाडी चढाच्या माथ्यावर पोचली, तिने वेग घेतला आणि गेली की हो निघून! दोघं वाळूच्या बादल्या टाकून मागे धावतायत, आणि गाडी चाळीस उतारू घेऊन पुढे. पुढची गंमत तर ऐका. साडेचार किलोमीटर ती गाडी एकटी गेली, स्टेशनाआधीच्या पांढऱ्या दगडापाशी, जिथे रोज शिट्टी द्यायची, तिने आपणहून शिट्टी दिली, वाफ बंद केली आणि फलाटाला लागून उभी राहिली. उतारू उतरून घरीसुद्धा गेले. पाऊण तासाने ड्रायव्हर आणि फायरमन धापा टाकत चालत आले. "गाडीला रस्ता पाठ होता," असं म्हणून लोक अजून मांडीवर थाप मारून हसतात.

बाबाला इंजिनावरून काढलं आणि स्टेशनातल्या दिव्यांच्या खोलीत कंदील पुसायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत तेच केलं त्याने. आणि गावाने नाव ठेवलं, पायी ड्रायव्हर. मी शाळेत पायी ड्रायव्हरची पोरगी. लग्न झालं तेव्हा सासरच्या माणसांसमोर बोलायला काही सुचेना, म्हणून मीच ही गोष्ट सांगितली, अगदी नकला करून. सगळे हसून हसून बेजार. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. तोही हसला. मी तर शिवणाच्या गिऱ्हाइकांनाही माप घेता घेता ही गोष्ट सांगते. सांगायची. मेली माझी जीभ.

आता त्या जुन्या स्टेशनात वाचनालय होणार असं ठरलं. तिथल्या ग्रंथपालबाई बाबाकडे आल्या. कारण आमच्या मागच्या खोलीत बाबाने नऊ वर्षं खपून अख्खी छोटी गाडी बनवली आहे. अकरा फुटी टेबलावर. छत्रीच्या काड्यांचे रूळ, आगकाड्यांचे स्लीपर, खडी म्हणून वाळवलेला चहाचा चोथा. झाडं भांडी घासायच्या स्पंजाची. घरात एका छत्रीला काडी शिल्लक नाही आणि भांडी मी हाताने घासते. पण बनवलंय असं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. गार्डाची कवळी शोधणारी ओणवी माणसं आहेत. तारेवर चादरी आहेत. खाली बॅटरीवर चालणारी मोटर, बटण दाबलं की गाडी पळते. मी एकदा म्हटलं, "बाबा, हे घर निळं होतं, तू हिरवं केलंस." त्याने आठ दिवस जुनी माणसं गाठून विचारलं. हिरवंच निघालं. खोटं काही ठेवायचं नाही, हा त्याचा हट्ट.

आणि चढावर, इंजिनाच्या दोन बाजूंना, दोन माणसं पायी. एक बाबा, एक कोळसेकाका, म्हणजे त्याचा फायरमन. मला वाटलं, वा, म्हातारा स्वतःची चेष्टा स्वतःच करतोय, मोठ्या मनाचा आहे.

ग्रंथपालबाईंनी मला सांगितलं, मॉडेलशेजारी एक पाटी लावू, तुम्ही लिहून द्या. मी लिहिली. बाबाचं नाव, नोकरीची वर्षं, आणि मग मोठ्या अक्षरांत, गाडीला रस्ता पाठ होता आणि ड्रायव्हर मागून चालत आला. लोकांना हसवायचं होतं ना मला! बाबाला दाखवली. त्याने चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाला, "अक्षर छान आलंय." रविवारी, उद्घाटनाला, ती पाटी भिंतीवर ठोकली की बाबा कायमचा पायी ड्रायव्हर. पोराबाळांनी, त्यांच्या पोराबाळांनी तेच वाचायचं. आणि ते मी माझ्या हाताने लिहिलेलं.

शनिवारी दुपारी मी मॉडेलवरची धूळ झटकत होते. शिवणाच्या मशीनचा बारीक ब्रश घेऊन. इंजिनाच्या छपरावर ब्रश फिरवला आणि छप्पर हललं. वाटलं, मोडलं! आता म्हातारा माझा जीव घेणार. चिमट्याने उचलून बघते तर ते मोडलं नव्हतं. मुळात उघडायचंच होतं.

आत कोणीतरी उभं होतं.

नखाएवढं. एका खोक्यावर. हातात फावडं. शिट्टीच्या साखळीला एक दोरा बांधून खालपर्यंत सोडलेला, टोकाला मणी, म्हणजे ज्याचा हात वर पोचत नाही त्याला ओढता यावा. मी मशीनचं भिंग आणलं. मुलगी होती. पिवळा फ्रॉक. आणि फ्रॉक रंगवलेला नव्हता हो, खऱ्या कापडाचा होता. कापडावर माझी नजर चुकत नाही. पिवळ्यावर पांढरी बारीक चौकट, विटलेली. या कापडातला माझा एकच फोटो आहे, चार वर्षांची असतानाचा.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. बाबा मटार सोलत होता. म्हटलं, "बाबा, इंजिनात कोण आहे?"

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "छप्पर लावून ठेव."

"कोण आहे?"

"कोणी नाही. रिकामं बरं दिसत नाही म्हणून..."

"माझा फ्रॉक आहे तो!" मी इतकी ओरडले की शेजारीण खिडकीत आली. "तू म्हणायचास, मी गार्डाच्या डब्यात बसायची! इंजिनाच्या जवळपाससुद्धा नव्हते म्हणायचास!"

बाबा उठला, खिडकी लावली, परत बसला. मग मटारांकडे बघतच बोलायला लागला.

"तुझी आई गेली तेव्हा तुझी मावशी तुला घेऊन जाणार होती. तिचंही खोटं नव्हतं. इंजिनावरचा माणूस पोरगी कशी वाढवणार? मी हातापाया पडलो. ती म्हणाली, ठेवा, पण एक चूक दिसली की घेऊन जाईन. मी कामावर गेलो की तुला सांभाळायला कोणी नाही. मग मी तुला इंजिनावरच घ्यायला लागलो. गुपचूप. कोपऱ्यात खोक्यावर उभी करायचो. तुला पलीकडच्या बाजूची पायरी दाखवलेली, गाडी थांबली की तू उतरायचीस आणि दिव्यांच्या खोलीत जाऊन बसायचीस. कोणाला पत्ता नाही. पांढरा दगड आला की तू शिट्टी ओढायचीस आणि वाफेच्या दांड्याला लटकायचीस. खाली ओढला की वाफ बंद. तुझा खेळ होता तो. दांडा तापलेला असायचा, म्हणून मी रोज तुझ्या हाताखाली फडकं धरायचो."

मी मटकन खाली बसले. काय येणार आहे ते मला दिसत होतं.

"त्या दिवशी मी उतरलो डावीकडून, तो उजवीकडून. मी ओरडलो, आहेस का? वरून ठक ठक. तिकडून तोही ओरडला असणार. ठक ठक. आम्ही चौकशीत सांगितलं की विचारायचं विसरलो. कोण विसरतंय? चौदा वर्षांची सवय. आम्ही विचारलं होतं. उत्तर आलं होतं."

"मी?"

"तू. रोज बघायचीस ना आम्हाला. तुला वाटलं, आता आपली पाळी."

चार वर्षांची मी, पेटलेल्या इंजिनावर एकटी, मागे चाळीस माणसं. आणि हा चिखलातून धावतोय, त्याला माहीत आहे वर कोण आहे ते!

"मला वाटलं, संपलं," बाबा म्हणाला. "सगळं संपलं. कोळसेकाका मध्येच बसला, त्याला ओकारी झाली. मी थांबलो नाही. मग शिट्टी ऐकली, लांबून. मग इंजिनाचा भकभक आवाज थांबला. तो थांबला की मागे गार्ड हातब्रेक फिरवतो, त्याची रोजची सवय. मी रुळात गुडघ्यावर बसलो. मला उठताच येईना. पोचलो तेव्हा तू दिव्यांच्या खोलीत हात पाण्याच्या बादलीत घालून बसली होतीस. म्हणालीस, बाबा, तू कुठे होतास? मी लटकले. आणि तुझ्या हाताखाली धरायचं फडकं इकडे माझ्या खांद्यावर होतं. सगळा वेळ."

माझ्या डाव्या तळहातावर एक जुना चट्टा आहे. गोल, अंगठ्याच्या मुळाशी. शेगडीवर पडलीस, असं बाबा सांगायचा. मी कधी विचार केला नाही की आमची शेगडी ओट्यावर होती आणि ओटा माझ्या डोक्याच्याही वर होता.

"अरे, मग सांगायचं ना!" मी रडत होते आणि चिडतही होते. "लोक तुला हसले, मी तुला हसले, माझ्या लग्नात! आणि तू हसत बसलास?"

"हसतात ते परवडलं गं. पोर इंजिनावर सोडली म्हणाले असते तर तुला नेली असती."

"आणि आता? आता कोण नेणार आहे मला? एक्कावन्न वर्षांची बाई मी! मी पाटी बदलते."

"बदलायची नाही," बाबा म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, जो कधी चढत नाही. "तुझी मावशी उद्या येणार आहे. पोरीला जपेन असा तिला मी शब्द दिला होता. तिच्या तोंडावर मला खोटा पाडू नकोस."

"मग मला इंजिनात कशाला ठेवलंस?"

बाबाने एक शेंग हातात फिरवली. "रिकामी गाडी पळवून बघितली. माझ्याच्याने बघवेना."

मी पाटीला हात लावला नाही. शब्द दिला.

रविवारी सकाळी स्टेशन माणसांनी भरलेलं. पुढच्या खुर्चीवर मावशी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, काठी टेकून ताठ बसलेली. बाजूला कोळसेकाका, तो माझ्या डोळ्याला डोळा देईना, म्हणजे मला कळल्याचं बाबाने त्याला सांगितलं होतं. ग्रंथपालबाईंनी पाटी मोठ्याने वाचली. ड्रायव्हर मागून चालत आला, या वाक्याला सगळे हसले. लहान पोरंसुद्धा. बाबा भिंतीपाशी उभा होता. तोही हसला, माझ्या लग्नातल्यासारखाच.

माझ्याच्याने राहवलं नाही. शब्द गेला खड्ड्यात. मी पुढे गेले, चिमट्याने इंजिनाचं छप्पर उचललं आणि म्हटलं, "हे बघा आत कोण आहे. मी आहे." आणि सगळं सांगितलं. फावडं, ठोके, दांडा, फडकं, बादली. सांगताना आवाज चिरकत होता, पण सांगितलं. हसणारी तोंडं एकेक करून मिटली. कोळसेकाका तोंडाला रुमाल लावून हमसाहमशी रडायला लागला. बाबा कोणाकडेच बघत नव्हता, फक्त मावशीकडे. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि घाबरला होता. खरंच घाबरला होता.

मावशीने काठीने मला जवळ बोलावलं. माझा डावा हात धरला, उलटा केला, चट्ट्यावर अंगठा फिरवला.

"भावोजी," ती म्हणाली, "मला काय दूधखुळी समजलात? शेगडीने असा गोल चट्टा पडतो होय? तिसऱ्या दिवशी मी मलम लावत होते तेव्हा हिनेच सांगितलं. मावशी, मी लटकले."

बाबा भिंतीपासून एक पाऊल पुढे आला. "ताई... तुम्हाला ठाऊक होतं? मग नेलं का नाहीत तिला?"

"न्यायलाच आले होते. तिचे कपडे पेटीत भरून ठेवले होते. तुम्हाला तोंडावर सांगावं म्हणून स्टेशनात आले. तुम्ही दिव्यांच्या खोलीत कंदील पुसत बसला होतात. दारात चार टवाळ उभे राहून तुमच्या चालण्याची नक्कल करत होते. तुम्ही मान वर केली नाहीत. काच पुसत राहिलात. मी तशीच मागे फिरले. घरी येऊन पेटी रिकामी केली."

"मग एकदा सांगायचं ना, ताई!" बाबा म्हणाला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "सत्तेचाळीस वर्षं हो! मी... सत्तेचाळीस वर्षं..."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. आणि तिची ती ताठ मान पहिल्यांदा खाली गेली. "मला वाटलं, आपल्या दोघांनाही ठाऊक आहे आणि आपण दोघंही बोलत नाही."

ग्रंथपालबाईंनी हळूच पाटी उतरवली आणि उलटी करून टेबलाखाली सरकवली. बाबा एकदम म्हणाला, "बॅटरीची तार निघाली वाटतं," आणि या वयात, गुडघे दुखत असताना, ओणवा होऊन टेबलाखाली शिरला. तार निघालेली नव्हती. मला दिसत होती ती, जिथल्या तिथे.

टेबलाला खालपर्यंत कापड लावलेलं. त्याचे फक्त जोड्यांचे तळ दिसत होते. बराच वेळ तो तिथे काही करत होता, किंवा करत नव्हता. मग खालून आवाज आला, बारीक.

"आहेस का?"

मी डावा हात टेबलावर दोनदा आपटला.

खालून बटण दाबल्याचा टक आवाज आला. मग गाडी सुरू झाली.